हळू खाणारा वाण

मधुरिमा काळमेघच्या ताब्यात काचेच्या बारा नळ्या होत्या. चंदीगडमधल्या एका संशोधन संस्थेत ती तांत्रिक अधिकारी म्हणून लागली, त्याच आठवड्यात गोपीनाथ सरांनी तिला त्या दाखवल्या होत्या. सर मूळचे पालघाटचे, बोलण्यात हिंदी-इंग्रजीची मिसळ. म्हणाले, "दहा वर्षं सांभाळलंय मी हे. आता तुमच्यावर."

नळ्यांत फिक्या चहासारखं पाणी होतं आणि पाण्यात पॅरामेशियम. नुसत्या डोळ्यांना दिसलाच तर उन्हात तरंगणाऱ्या धुळीच्या कणाएवढा, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र चपलेच्या तळव्यासारखा. एकच पेशी, पण तिचं खाणं अगदी रीतसर. अंगभर बारीक केस आणि कडेला एक खाच. केस हलले की पाणी खाचेत ओढलं जातं, पाण्याबरोबर जिवाणू येतात, खाचेच्या तळाशी त्यांचा घास जमतो आणि त्याचा एक बुडबुडा होऊन आत सुटतो. पोट असं वेगळं नसतंच. तो बुडबुडा अंगभर फिरतो, फिरताफिरता त्यात आम्ल उतरतं, घास विरघळतो, आणि उरलेला चोथा एका ठरावीक जागेतून बाहेर पडतो. लाल रंगात उकळलेलं यीस्ट खायला घातलं तर हे सगळं डोळ्यांनी बघता येतं. बुडबुडा आधी लाल असतो, आम्ल उतरलं की निळा होतो, पचन उरकत आलं की पुन्हा लालसर.

साधा पॅरामेशियम दहा मिनिटांत असे आठ-दहा बुडबुडे भरतो. सरांच्या नळ्यांमधला चारच भरायचा. अन्न कितीही असो, चार. हा हळू खाणारा वाण सरांना तरुणपणी एका तळ्यात सापडला होता, त्याला ते के-सात म्हणत, आणि तो असा का खातो हे शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. दुसऱ्या कुणाला त्यांनी तो कधी दिला नाही.

मधुरिमाचं काम सोपं होतं. गवत उकळून त्याचं पाणी करायचं, आणि दर आठ दिवसांनी जुन्या नळीतले थोडे थेंब नव्या पाण्यात सोडायचे, म्हणजे वाण उपाशी राहत नाही. सहा नळ्या मुख्य खोलीत, सहा राखीव म्हणून पलीकडच्या खोलीत. काम झालं की रजिस्टरमध्ये बरोबरची खूण.

दहा वर्षं तिने ते चोख केलं. मग राखीव नळ्यांचा कंटाळा येऊ लागला. तिकडे कुणी बघत नसे. एक खेप चुकली, काही बिघडलं नाही. मग दुसरी चुकली. खुणा मात्र दर आठवड्याला पडत राहिल्या.

मग एका फेब्रुवारीत तिच्या भावाचं अमरावतीला लग्न होतं. बारा दिवसांची रजा. रजेवर जाताना नळ्या कुणाच्या तरी हाती सोपवायच्या, असा सरांचा नियम होता. पण सोपवायचं म्हणजे आधी शिकवायचं, आणि शिकवायचं म्हणजे राखीव नळ्याही दाखवायच्या. लग्नाच्या गडबडीत मुख्य नळ्यांच्याही दोन खेपा राहून गेल्या होत्या. आल्यावर बघू, असं म्हणून तिने पुढच्या तारखांवर आधीच खुणा केल्या आणि गाडीत बसली.

परतली तेव्हा मुख्य खोलीतल्या नळ्यांचं पाणी नितळ झालं होतं. तिने थेंबामागून थेंब काचपट्टीवर घेतले. सहा नळ्यांत मिळून पाच जिवंत सापडले, तेही काचेसारखे पारदर्शक आणि निम्म्याने बारीक झालेले. उपाशी पेशी शेवटी स्वतःचेच भाग पचवायला लागते, हे तिने वाचलेलं होतं. बघितलं त्या दिवशी. राखीव नळ्या उघडल्या तर त्यांत काहीच नव्हतं. पाचही जिवांना तिने ताज्या पाण्यात सोडलं. तिसऱ्या दिवशी एकही हलत नव्हता.

सर दिल्लीला गेले होते, सोमवारी येणार होते. शनिवारी दुपारी मधुरिमा मोहालीच्या पलीकडल्या एका गावात गेली. पंजाबात गावतळ्याला टोभा म्हणतात. म्हशी बसलेल्या त्या टोभ्यातून तिने बाटलीभर पाणी आणलं. त्यात पॅरामेशियम होते, त्याच जातीचे, दिसायला तसेच. एकेक वेगळा काढून धुतला, आणि के-सातच्या नळ्यांत वाढायला सोडला. मनाशी म्हणाली, सरांना रिकाम्या नळ्या दाखवण्यापेक्षा काहीतरी असलेलं बरं. सांगायचं तर आहेच.

सोमवारी सर दारातूनच हसत आले. के-सातवरचा त्यांचा लेख एका चांगल्या नियतकालिकाने स्वीकारला होता. "आपले बाळगोपाळ कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहेत, सर," मधुरिमा म्हणाली.

एवढंच. ती खोटं बोलली ते इतकंच, तीन शब्द. पण त्यानंतर रोज ते पुन्हा बोलावं लागलं, तोंड न उघडता.

जुलैत ओजस्विनी सबनीस पीएच.डी.साठी रुजू झाली. तिला ह्या संस्थेत आणलं मधुरिमानेच. मोहालीत दोघींची घरं एकाच सोसायटीत. सबनीस चौथ्या मजल्यावर, मधुरिमा सातव्यावर. ओजस्विनीचे वडील हवाई दलातून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. आई मीनाक्षीताई सातारच्या. मुलगी मात्र जोधपूर, तेजपूर, अंबाला करत वाढलेली, मराठी सगळं समजायचं पण उत्तर यायचं हिंदीत. मधुरिमाला ती मावशी म्हणायची. फेब्रुवारीच्या आधीच, डिसेंबरात, मधुरिमाने मीनाक्षीताईंना सांगितलं होतं, "आमच्या सरांकडे पाठवा तिला. मी आहे ना तिथे."

विषय ठरला: के-सात हळू का खातो. त्या दिवशी मधुरिमाला सांगता आलं असतं. तिने स्वतःला समजावलं की वाण बदलतातही, कोण जाणे टोभ्यातलाही हळूच खात असेल. मोजून बघायची हिंमत मात्र तिने केली नाही.

मोजलं ते ओजस्विनीने. सकाळी मधुरिमाच्या गाडीतून दोघी एकत्र यायच्या, ती गाडीतच सांगायची, "मावशी, आज पण नौ आले. कल दस थे. चार कधीच नाही येत." लाल यीस्ट घालायचं, दहा मिनिटांनी एक थेंब औषध टाकून पेशी जागच्या जागी थांबवायच्या, आणि एकेकीतले बुडबुडे मोजायचे. सरांनी आधी रंगाला दोष दिला, मग यीस्टला, मग खोलीच्या तापमानाला. ओजस्विनीने सगळं बदलून पाहिलं. थंडीभर ती स्वेटरवर स्वेटर चढवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली असायची. आकडा नऊच्या आसपासच.

"मावशी, माझ्या हातातच काही गडबड आहे का? मैंने सब बार-बार किया है."

"होईल गं नीट," मधुरिमा म्हणायची आणि रस्त्याकडे बघायची.

एप्रिलमध्ये सरांचा धीर सुटला. विभागाच्या बैठकीत, आठ-दहा जणांसमोर, ते म्हणाले, "बावीस वर्षांत मी चारपेक्षा जास्त पाहिले नाहीत. एक तर तुला मोजता येत नाही, नाही तर तू मोजतच नाहीस, घरी बसून आकडे लिहितेस." ओजस्विनीचा चेहरा पांढरा पडला. सरांनी मधुरिमाकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही तिच्याबरोबर बसा. तुम्ही मोजा आणि मला सांगा."

दोघी शेजारी शेजारी बसल्या. तीस पेशी. ओजस्विनीने आपले आकडे कागदावर लिहिले, मधुरिमाने आपले वेगळ्या कागदावर. मधुरिमाची सरासरी नऊ आली. तिने तो कागद घडी करून ॲप्रनच्या खिशात घातला.

सरांच्या खोलीत ती एकटीच गेली. "किती?" त्यांनी विचारलं.

"सर, पेशी एकमेकींवर आल्या होत्या. मला नक्की नाही सांगता येणार."

सरांनी मान हलवली. त्यांना जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं. बाहेर ओजस्विनी उभी होती. तिला काही विचारावंही लागलं नाही, मधुरिमाच्या चेहऱ्यावरून तिने अर्थ काढला, आणि तो चुकीचा काढला. म्हणाली, "इट्स ओके, मावशी. आपने तो कोशिश की."

मेअखेर तिने राजीनामा दिला.

पुढच्या रविवारी मीनाक्षीताई भडंगाचा डबा घेऊन वर आल्या. "अगं मधुरिमा, तुझ्या जिवावर तर ती इतके दिवस टिकली. नाहीच जमलं तिला, त्याला तू काय करणार?" डबा ठेवून त्या बराच वेळ बसल्या. ओजस्विनी खोलीबाहेर येत नाही, नीट जेवत नाही, असं काही सांगत होत्या. मधुरिमा समोर बसून ऐकत होती. त्या गेल्यावर तिने डबा फडताळात मागे सरकवला. नवऱ्याने, शिशिरने, आठवड्याने तो काढून खाल्ला आणि म्हणाला, "इतकं झ्याक भडंग, अन् तू हातही नाही लावून राहिली?"

शिशिरला तिने काही सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं. लिफ्टमध्ये सबनीसांकडचं कुणी भेटेल म्हणून ती जिन्याने चढायला लागली. सातवा मजला. घरात सगळ्यांना वाटलं, व्यायाम चाललाय.

तीन वर्षं गेली. ओजस्विनीने बी.एड. केलं आणि सोसायटीपासून थोड्या अंतरावरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली. सरांनी के-सातचं काम मधल्या काळात बाजूला ठेवलं होतं. मग एका ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे नवा विद्यार्थी आला, सौमित्र, नांदेडचा. सरांनी त्याला तोच विषय दिला.

तिसऱ्या आठवड्यात सौमित्र मधुरिमाच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हातात वही. "मॅडम, माझे नऊ येतायत. सर म्हणतात चार यायला पाहिजेत. माझंच काही चुकत असेल का?"

मधुरिमाने वही हातात घेतली. आकडे सुबक अक्षरात लिहिलेले होते. शेवटच्या तीन ओळी खोडून पुन्हा लिहिल्या होत्या, आणि पुन्हा लिहिताना नऊचे सात केले होते.

"हे का खोडलं?"

तो खाली बघून म्हणाला, "मला वाटलं, मीच जास्त मोजत असेन."

तिने वही मिटून त्याला परत दिली. "तुझं काही चुकत नाहीये. खोडू नकोस. जे दिसतं तेच लिही," ती म्हणाली, आणि उठून सरळ सरांच्या खोलीकडे गेली. सकाळचे अकरा वाजले होते. एकदा बसले तर पुन्हा उठायची नाही, हे तिला ठाऊक होतं.

सरांसमोर तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. रजा, खुणा, नितळ झालेलं पाणी, टोभा. सर आधी मध्ये बोलणार होते, मग थांबले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एकही नाही उरला?"

"नाही, सर."

"राखीव?"

"ते तर आधीच गेले होते."

ते ओरडतील अशी तिची अपेक्षा होती, तयारीही होती. पण ते हळू आवाजात म्हणाले, "ती मुलगी नऊ म्हणत होती."

"हो."

"तुम्हाला मी मोजायला बसवलं होतं. तुम्हाला किती मिळाले होते?"

"नऊ."

सरांनी चष्मा पुन्हा लावला. "मी तिला सगळ्यांसमोर काय बोललो, आठवतं तुम्हाला?" उत्तराची वाट न बघता ते म्हणाले, "जा आता. हे सगळं लिहून आणा. तारखांसकट."

ओजस्विनीला सरांकडून कळू द्यायचं नाही, एवढं मधुरिमाने ठरवलं होतं. तिच्या घरी, मीनाक्षीताईंसमोर, बोलायचं धैर्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. शिपायाने तिला प्रयोगशाळेत नेऊन सोडलं. दहावीचा तास नुकताच संपला होता. फळ्यावर अमीबाचं चित्र होतं, चार टप्प्यांत: अमीबा घासाकडे दोन्ही बाजूंनी अंग पसरतो, त्याला वेढतो, आत घेतो, आणि तो घास आतल्या बुडबुड्यात विरतो. ओजस्विनी काचपट्ट्या गोळा करत होती.

"अरे मावशी! आप यहाँ? सगळं ठीक आहे ना?"

"बस जरा, ओजू. मला काही सांगायचंय."

ती बसली नाही. काचपट्ट्यांचा डबा हातात धरून उभी राहिली. मधुरिमाने सांगितलं. सरांना सांगताना शब्द सापडले होते, इथे ते अडखळले. भाऊ, लग्न, गडबड असं बोलत असताना आपण कारणं देतोय हे तिच्याच लक्षात आलं, आणि ती थांबली. "माझ्यामुळे मेला तो वाण. आणि मी लपवलं. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

"मतलब वो के-सात था ही नहीं? पहिल्या दिवसापासून?"

"नाही."

ओजस्विनीने डबा टेबलावर ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता अजून, ती काहीतरी जुळवत होती. मग तिने मराठीत विचारलं, एकेक शब्द शोधत. "त्या दिवशी आपण दोघी बसलो होतो. तुम्ही पण मोजलं. तुम्हाला किती आले होते?"

हा प्रश्न येणार हे मधुरिमाला कालपासून माहीत होतं.

"नऊ."

"आणि सरांना काय सांगितलं?"

"नक्की सांगता येत नाही, असं म्हणाले मी."

ओजस्विनी मग बसली. बाहेर मधल्या सुट्टीचा गोंगाट सुरू झाला होता. "कल्चर मर गया, वो मैं समझ सकती हूँ," ती म्हणाली. "डर गए, छुपा लिया, वो भी. पर तुम्ही माझ्या बाजूला बसून मोजलं, मावशी." तिचा आवाज चढला नाही. "माहीत आहे तुम्हाला, शाळेची ट्रिप असते ना, मी मुलांना तीन वेळा मोजते. फिर दूसरी टीचर को बोलती हूँ, आप भी गिन लो. सगळे हसतात. मला खरंच वाटतं की मला मोजता येत नाही."

मधुरिमा रडायला लागली.

"प्लीज, रडू नका. आप रोएँगी तो मुझे चुप कराना पड़ेगा. मला नाही करायचं ते."

मधुरिमाने पदराने डोळे पुसले. माफ कर, हे शब्द ओठांवर होते. पण ते म्हणणं म्हणजे ह्या मुलीकडून अजून काहीतरी मागणं होईल, असं तिला वाटलं. तिने विचारलं, "मी काय करू, सांग."

"लिहून द्या. सगळं. तुमचे नऊ पण. मला आईबाबांना दाखवायचं आहे." मग जरा थांबून, "आणि त्या नवीन मुलाला सांगा. आजच."

"सांगते."

घंटा झाली. ओजस्विनी उठली आणि फळा पुसायला लागली. पाठ मधुरिमाकडे होती. मधुरिमा दारापर्यंत जाऊन क्षणभर थांबली, मग निघाली.

त्या दुपारी तिने सौमित्रला सांगितलं. संध्याकाळी शिशिरलाही. तो म्हणाला, "काहून नाही सांगितलं मले? तीन वर्षं मी त्या सबनीसांबरोबर खाली बॅडमिंटन खेळून राहिलो."

चौकशी झाली. मधुरिमाने लिहून दिलेल्या चार पानांपुढे विचारण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. कल्चरचं काम तिच्याकडून काढलं आणि तिला पदवीच्या वर्गांच्या प्रात्यक्षिकांची तयारी करायला बसवलं. सौमित्रला दुसरा विषय मिळाला. गोपीनाथ सरांनी विभागाच्या बैठकीत, मागच्या वेळी हजर होते त्यातल्या जवळजवळ सगळ्यांसमोर, ओजस्विनीचे आकडे बरोबर होते असं सांगितलं आणि ते इतिवृत्तात नोंदवायला लावलं. एका रविवारी सकाळी मधुरिमाने बाल्कनीतून त्यांची जुनी करडी गाडी खाली लागलेली पाहिली. सर सबनीसांकडे आले होते. तासाभराने ते एकटेच बाहेर पडले, गाडीचं दार उघडून थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि मग गेले. ते तिथे काय बोलले हे तिला कधी कळलं नाही.

डिसेंबरात तिची मुलगी स्वराली खेळून वर आली आणि बूट काढताकाढता म्हणाली, "मम्मा, ओजस दीदी पुणे जा रही है. पीएच.डी. करने."

"तुला कोणी सांगितलं?"

"दीदी ने ही. नीचे मिली थी." स्वराली आत गेली. मधुरिमा दारातच उभी राहिली. तिला खूप आनंद झाला, आणि तो कुणाकडे जाऊन बोलून दाखवायचा हक्क आपल्याला राहिलेला नाही हेही त्याच क्षणी कळलं.

जिने चढणं तिने सोडलं होतं. आता टाळण्यासारखं काही नव्हतं. जानेवारीतल्या एका धुक्याच्या सकाळी ती खाली लिफ्टमध्ये शिरली तर आत मीनाक्षीताई होत्या, हातात दुधाची पिशवी, डोक्यावरून शाल. आजवर त्यांनी तिला कधी अगं-तूशिवाय हाक मारली नव्हती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मधुरिमाने हात जोडले.

"कशा आहात?" मीनाक्षीताईंनी विचारलं.

"बरी आहे," मधुरिमा म्हणाली. "तुम्ही?"

"बरी."

चौथा मजला आला. मीनाक्षीताई बाहेर पडल्या आणि दार आपोआप मिटेपर्यंत तिथेच, पाठमोऱ्या, किल्ली शोधत राहिल्या.